कधी तुपाशी, कधी उपाशी!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एकाच संघाची, एकाच महिन्यातली दोन चित्रं आज तुमच्यापुढे ठेवतो. पहिलं १ ऑक्टोबर २०११ चं. न्यूझीलंडमध्ये रग्बीचा विश्वचषक सुरू आहे आणि वेलिंग्टनच्या मैदानावर फ्रान्सची गाठ टोंगाशी पडली आहे. टोंगा म्हणजे प्रशांत महासागरातला बेटांचा देश. लोकसंख्या लाखभर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. फ्रान्स हा सामना १४-१९ असा हरतो. दुसरं चित्र २३ ऑक्टोबरचं, म्हणजे अवघ्या बावीस दिवसांनंतरचं. ऑकलंडचं ईडन पार्क, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर यजमान न्यूझीलंड. तोच फ्रान्स ७-८ असा, फक्त एका गुणाने हरतो. आणि सामना पाहणाऱ्यांपैकी कित्येक जण म्हणतात, की त्या दिवशी चांगला खेळ फ्रान्सचाच झाला.

प्रशिक्षक तोच, कर्णधार तोच, खेळाडूही बहुतेक तेच. मग या संघाला म्हणायचं काय? आणि त्याच्या प्रशिक्षकाला, मार्क लिएव्हरमाँ यांना, किती गुण द्यायचे? टोंगाचा सामना धरला तर नापास आणि अंतिम सामना धरला तर पहिला वर्ग! आज मला या प्रशिक्षकाच्या चार वर्षांचा ताळेबंद मांडायचा आहे. विषय रग्बीचा असला तरी प्रश्न सगळ्याच खेळांचा आहे. संघ जिंकला की प्रशिक्षक थोर आणि हरला की त्याला घरी पाठवा, हा न्याय आपण क्रिकेटमध्येही रोज करतो. तो कितपत खरा असतो, हे तपासायला फ्रान्सच्या या संघाइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

रग्बीशी आपली ओळख तशी जुजबीच. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात चिखलात लोळणारे खेळाडू काहींनी पाहिले असतील. अभिनेता राहुल बोस भारताकडून रग्बी खेळला, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण या खेळातला एक फार जुना चषक आपल्या रुपयांचा आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ च्या सुमारास बंद पडला, तेव्हा बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून एक चषक घडवला गेला. त्याला नागाच्या आकाराच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. नावच ‘कलकत्ता कप’.

खेळाचे नियम सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की एका बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. त्यानंतरची लाथ दोन खांबांमधून गेली तर आणखी दोन. पेनल्टीचे तीन. युरोपात दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सिक्स नेशन्स ही स्पर्धा होते. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली हे सहा देश एकमेकांशी खेळतात. पाचही सामने जिंकणाऱ्याने ‘ग्रँड स्लॅम’ केला असं म्हणतात.

आता लिएव्हरमाँ यांच्याविषयी. त्यांचा जन्म १९६८ चा, सेनेगलमधल्या डाकारचा. खेळाडू म्हणून ते आघाडीच्या फळीतले, अंगमेहनतीचं काम करणारे. १९९९ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात फ्रान्सने न्यूझीलंडला ४३-३१ असं हरवलं, तेव्हा ते संघात होते. पुढच्याच सामन्यात, म्हणजे अंतिम फेरीत, ऑस्ट्रेलियाने ३५-१२ अशी धूळ चारली, तेव्हाही ते संघात होते. तुपाशी आणि उपाशी हे दोन्ही अनुभव त्यांनी एका आठवड्यात घेतले होते म्हणा ना! पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दाक्स या लहान शहराच्या संघाला २००७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आणलं. तेवढ्याच शिदोरीवर, वयाची चाळिशी गाठण्याआधी, २००७ च्या विश्वचषकानंतर फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं त्यांच्या हाती आली. मदतीला माजी खेळाडू एमिल एन्तामाक आणि दिदिए रेतिएर होते.

चार वर्षांत संघ ४५ सामने खेळला. २७ जिंकले, १८ हरले. अनिर्णित एकही नाही. दर पाचांत तीन विजय. हा आकडा काही लाजिरवाणा नाही, पण आकडा जे सांगत नाही ते सामन्यांच्या यादीत दिसतं. जून २००९ मध्ये या संघाने ड्युनेडिनला न्यूझीलंडचा २७-२२ असा पराभव केला. न्यूझीलंडमध्ये जाऊन न्यूझीलंडला हरवणं फ्रान्सला १९९४ नंतर प्रथमच जमलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुलूझला दक्षिण आफ्रिकेला, म्हणजे तेव्हाच्या जगज्जेत्यांना, २०-१३ असं नमवलं. आणि दोन आठवड्यांनी मार्सेलला न्यूझीलंडकडून १२-३९ असा मार खाल्ला. मार्च २०१० मध्ये ग्रँड स्लॅम केला, फ्रान्सच्या इतिहासातला नववा. त्यानंतर तीन महिन्यांत दक्षिण आफ्रिकेकडून १७-४२ आणि अर्जेंटिनाकडून १३-४१! नोव्हेंबर २०१० मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाने ५९-१६ असं धुतलं. मध्यंतराला त्या सामन्यात १३-१३ अशी बरोबरी होती, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पुढच्या ४० मिनिटांत ऑस्ट्रेलियाने ४६ गुण केले. मार्च २०११ मध्ये रोमला इटलीविरुद्ध १८-६ अशी आघाडी असताना सामना २१-२२ असा घालवला. सिक्स नेशन्समध्ये इटलीने फ्रान्सला हरवण्याची ती पहिलीच वेळ.

असं झालं की लोक एक ठराविक स्पष्टीकरण देतात: फ्रेंचांचा स्वभावच तसा! लहर लागली तर जगाला हरवतील, नाही तर शेजारच्या गल्लीतल्या पोरांकडून हरतील. आपल्याकडे पाकिस्तानच्या क्रिकेट संघाविषयी असंच बोललं जातं. १९९२ च्या विश्वचषकात हा संघ इंग्लंडविरुद्ध ७४ धावांत गारद झाला होता, पावसाने वाचवलं आणि पुढे तोच जगज्जेता झाला. फ्रान्सच्या बाबतीत या समजुतीला जुना आधारही आहे. १९९९ च्या ज्या संघाने न्यूझीलंडला हरवलं, तोच संघ त्या वर्षी युरोपातल्या तेव्हाच्या पाच देशांच्या स्पर्धेत शेवटच्या क्रमांकावर होता. २००७ च्या विश्वचषकात, लिएव्हरमाँ यांच्या आधीचे प्रशिक्षक बर्नार लापोर्त असताना, फ्रान्स पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाकडून घरच्या मैदानावर हरला, मग उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडला २०-१८ असं बाहेर काढलं आणि त्यानंतर इंग्लंडकडून आणि पुन्हा अर्जेंटिनाकडून हरला.

म्हणजे हा चढउतार लिएव्हरमाँ यांनी आणलेला नाही, तो त्यांना वारशाने मिळाला. पण म्हणून तो ‘स्वभाव’ ठरतो का? मला हे स्पष्टीकरण कधीच पटलं नाही. स्वभाव म्हटलं की विचार करायचं काम संपतं. कोणी चूक केली नाही, कोणी काही सुधारायला नको. म्हणून मी एक साधी गोष्ट केली. ४५ सामने कागदावर मांडले आणि कधी व कुठे झाले त्याप्रमाणे त्यांचे गट पाडले. आणि लहरीपणाच्या जागी एक बऱ्यापैकी सरळ नक्षी दिसू लागली.

पहिला गट सिक्स नेशन्सचा. चार वर्षांत वीस सामने, चौदा विजय. त्यातले दहा घरी, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर. दहापैकी नऊ जिंकले! हरला तो फक्त २००८ चा इंग्लंडविरुद्धचा. बाहेरच्या दहा सामन्यांत पाच विजय, पाच पराभव. ज्या संघाला जग बेभरवशाचा म्हणत होतं, तो आपल्या अंगणात दहापैकी नऊ वेळा भरवशाचा होता.

दुसरा गट जूनच्या दौऱ्यांचा. पहिल्या तीन वर्षांत हा संघ उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धात गेला. उन्हाळा युरोपातला, तिकडे हिवाळा. एकूण सात सामने. त्यांतला ड्युनेडिनचा एक सोडला तर सहा हरला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून १३-३४ आणि १०-४०. २००९ मध्ये ड्युनेडिननंतर वेलिंग्टनला १०-१४ आणि सिडनीला ६-२२. २०१० चे आकडे मघाशी सांगितले.

तिसरा गट नोव्हेंबरचा. तीन वर्षांत प्रत्येकी तीन सामने, सगळे घरच्या मातीवर. तिन्ही वर्षी पहिले दोन जिंकले आणि तिसरा हरला. हा शेवटचा सामना एकदा न्यूझीलंडविरुद्ध होता, दोनदा ऑस्ट्रेलियाविरुद्ध. प्रतिस्पर्धी तगडे होते हे खरं, पण दक्षिण आफ्रिकेला हरवणारा संघ महिनाअखेरीस ३९ आणि ५९ गुण देतो, तेव्हा पायांतली ताकद संपली होती का, हाही प्रश्न विचारायला हवा.

उरले २०११ चे नऊ सामने. त्या ऑगस्टमध्ये विश्वचषकापूर्वीची लांब शिबिरं झाली होती आणि आयर्लंडविरुद्धचे दोन्ही सराव सामने फ्रान्सने जिंकले. मग विश्वचषकात सातांपैकी चार विजय.

श्रोतेहो, या नक्षीचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याकडे क्रिकेटपटू आधी मंडळाचा असतो. बीसीसीआय त्याच्याशी करार करते आणि आयपीएलसाठी वर्षातले काही आठवडे त्याला मोकळं सोडते. फ्रान्सच्या रग्बीत नेमकं उलटं होतं. तिथे खेळाडू क्लबचा नोकर. पगार क्लब देतो, दुखापत झाली तर नुकसान क्लबचं. ‘टॉप १४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत चौदा क्लब. प्रत्येकाला साखळीतच २६ सामने, वर बाद फेरी, शिवाय युरोपातली स्पर्धा वेगळी. ऑगस्टच्या सुमारास सुरू झालेला हा गाडा जूनमध्ये थांबतो. न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्ये मुख्य खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटनेशी असल्याने कोणी किती खेळायचं हे संघटना ठरवते. फ्रान्सच्या प्रशिक्षकाला मात्र खेळाडू क्लबांकडून उसने आणल्यासारखे मिळत, तेही थोड्या दिवसांसाठी.

याचं एक उदाहरण पुरेसं आहे. २८ जून २००८ ला सिडनीत फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया यांची पहिली कसोटी झाली. त्याच २८ जूनला पॅरिसमध्ये फ्रेंच अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, तुलूझ विरुद्ध क्लेरमाँ. देशातले दोन सर्वांत बळकट क्लब, त्यांच्यात राष्ट्रीय संघाचे कितीतरी आधारस्तंभ, ते सगळे पॅरिसला. आणि त्याच दिवशी देशाचा संघ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! त्या दिवशी झालेल्या १३-३४ या पराभवाचा हिशेब प्रशिक्षकाच्या खात्यावर लिहिला गेला. वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांचं खातं कोणी उघडलंच नाही.

म्हणून लिएव्हरमाँ निर्दोष होते असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. जे त्यांच्या हातात नव्हतं ते बाजूला काढलं, की जे त्यांच्या हातात होतं ते जास्त स्पष्ट दिसतं.

त्यांच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निवड. चार वर्षांत त्यांनी ऐंशीहून अधिक खेळाडूंना संधी दिली. सुरुवातीला यामागे विचार होता. जुना संघ थकला होता, नवं रक्त हवं होतं. पहिल्याच सामन्यात, फेब्रुवारी २००८ मध्ये, नवख्या पोरांना घेऊन त्यांनी स्कॉटलंडला त्यांच्याच घरी २७-६ असं हरवलं आणि वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. पण पेरणी किती दिवस करायची यालाही मर्यादा असते. आज घेतला, उद्या वगळला, परवा दुसऱ्याच जागी खेळवला असं सुरू राहिलं, तर खेळाडू संघासाठी खेळत नाही, पुढच्या निवडीसाठी खेळतो.

रग्बीत ९ आणि १० क्रमांकाची जोडी सर्वांत महत्त्वाची. नऊ क्रमांकाचा स्क्रम-हाफ घोळक्यातून चेंडू बाहेर काढतो, दहा क्रमांकाचा फ्लाय-हाफ तो हातात घेऊन पुढे काय करायचं ते ठरवतो. तबलजी आणि गवई यांच्यासारखं नातं. एकमेकांचा श्वास ओळखता यायला वेळ लागतो. २०१० च्या सिक्स नेशन्समध्ये लिएव्हरमाँ यांनी मॉर्गन पारा आणि फ्रान्स्वा त्रिन-दुक ही जोडी कायम ठेवली. परिणाम काय? स्कॉटलंड १८-९, आयर्लंड ३३-१०, वेल्स २६-२०, इटली ४६-२० आणि शेवटी इंग्लंड १२-१०. ग्रँड स्लॅम! मग विश्वचषकात ऐन साखळी सामन्यांच्या मध्यावर त्यांनी ही घडी मोडली. पाराला, म्हणजे मूळच्या स्क्रम-हाफला, फ्लाय-हाफच्या जागी आणलं, दिमित्री याशविलीला नऊवर खेळवलं आणि त्रिन-दुक राखीव बाकावर बसला. पारा हुशार खेळाडू, त्याने काम निभावलं. पण जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत प्रयोगशाळा उघडायची नसते.

दुसरी त्यांच्या हातातली गोष्ट म्हणजे जीभ. लिएव्हरमाँ सरळ मनाचे गृहस्थ. पोटात एक, ओठात एक असं त्यांना जमत नसे. रोमच्या पराभवानंतर त्यांनी आपल्याच खेळाडूंच्या धैर्यावर पत्रकारांसमोर शंका घेतली. विश्वचषकाच्या उपांत्य विजयानंतर, नको म्हटलं असतानाही काही खेळाडू रात्री बाहेर गेले, तेव्हा ही लाडावलेली, न ऐकणारी पोरं आहेत अशा अर्थाचं ते जाहीरपणे बोलले. अंतिम सामना आठवड्यावर आला असताना! घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की ऐकणाऱ्यांची करमणूक होते, घराचं काही भलं होत नाही. शिवाय एक गोष्ट त्यांच्या विरोधात आधीच घडली होती. विश्वचषक सुरू होण्यापूर्वीच, ऑगस्ट २०११ मध्ये, त्यांच्यानंतर फिलिप सँत-आंद्रे येणार असं संघटनेने जाहीर करून टाकलं. बदली झालेल्या साहेबाचं कचेरीत कोण किती ऐकतं, हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

आता पुन्हा त्या बावीस दिवसांकडे वळू. टोंगाकडून हरूनही फ्रान्स स्पर्धेत राहिला, कारण टोंगा आधी कॅनडाकडून हरला होता. त्या पराभवानंतर संघाची सूत्रं खेळाडूंनीच हाती घेतली, असं तेव्हा सर्रास लिहिलं गेलं. कर्णधार थिएरी द्युसोत्वारभोवती संघ एक झाला, हे मैदानावर दिसलंच. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध मध्यंतराला १६-० अशी आघाडी आणि शेवटी १९-१२ असा विजय. उपांत्य फेरीत मात्र दैव धावून आलं. अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याने व्हँसाँ क्लेरला उचलून धोकादायकपणे खाली टाकलं आणि पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवलं. तासभर चौदा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या वेल्सविरुद्ध फ्रान्स कसाबसा ९-८ असा जिंकला. वेल्सची शेवटच्या मिनिटांतली एक लांबची पेनल्टी आडव्या दांडीच्या जरा अलीकडे पडली, म्हणून. दोन सामने हरून विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेला हा पहिलाच संघ.

आणि अंतिम सामना. महिन्यापूर्वी याच ईडन पार्कवर न्यूझीलंडने फ्रान्सला ३७-१७ असं हरवलं होतं. न्यूझीलंडचे खेळाडू सामन्याआधी ‘हाका’ हे माओरी लोकांचं आवाहन सादर करतात. त्या दिवशी फ्रान्सचे खेळाडू एकमेकांचे हात धरून बाणाच्या आकारात पुढे सरकले. त्यासाठी पुढे दंडही भरावा लागला. सुरुवातीलाच टोनी वुडकॉकच्या ट्रायने न्यूझीलंड ५-० पुढे गेलं. पारा जखमी होऊन बाहेर गेला आणि ज्याला बाकावर बसवलं होतं तो त्रिन-दुक मैदानात आला. उत्तरार्धात स्टीफन डोनाल्डच्या पेनल्टीने ८-०. लगेच द्युसोत्वारचा ट्राय, त्रिन-दुकने दोन गुण जोडले, ८-७. मग अर्धा तास फ्रान्सने जगज्जेत्यांच्या नाकीनऊ आणले. त्रिन-दुकची एक लांबची पेनल्टी बाजूने गेली, आणि तेवढ्यावर विश्वचषक गेला. सामनावीराचा मान हरलेल्या संघाच्या कर्णधाराला मिळाला, यातच सारं आलं.

ती पेनल्टी खांबांमधून गेली असती तर? तर टोंगा, रोम, ५९-१६, सगळं विसरून लिएव्हरमाँ यांचे पुतळे उभारायची भाषा झाली असती. आणि वेल्सची पेनल्टी दोन मीटर लांब गेली असती तर ते फ्रान्सच्या इतिहासातले सर्वांत वाईट प्रशिक्षक ठरले असते. प्रशिक्षक मात्र दोन्ही वेळा तेच, त्यांचं चार वर्षांचं कामही तेच. म्हणून एका सामन्यावरून, मग तो विश्वचषकाचा अंतिम सामना का असेना, माणसाचं मोल करू नये असं मला वाटतं. मोल करायचं तर ४५ सामन्यांवरून करावं.

आणि त्यानंतर आलेल्यांच्या सामन्यांवरूनही करावं. सँत-आंद्रे यांनाही चार वर्षांत नेमके ४५ सामने मिळाले. विजय वीस, बरोबरी दोन, पराभव तेवीस. २०१३ मध्ये फ्रान्स सिक्स नेशन्समध्ये तळाला गेला. २०१५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने ६२-१३ असं चिरडलं. त्यांचेही जूनच्या दौऱ्यांवरचे आठ सामने पाहा, विजय एकच! दोन प्रशिक्षक, दोन वेगळे स्वभाव, जूनमधले पंधरा सामने, विजय दोन. प्रशिक्षक बदलला, जून महिना बदलला नाही. नंतरचे गी नोव्हेस यांना २०१७ च्या डिसेंबरात मुदतीआधीच काढलं गेलं. २०१० नंतर सिक्स नेशन्सचं विजेतेपद मिळायला २०२२ उजाडलं.

२०२२ चं यश फाबियाँ गाल्तिए यांच्या संघाचं. ते २०१९ च्या विश्वचषकानंतर मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाती गुणी पिढी आली आणि आँत्वान द्युपाँसारखा असामान्य स्क्रम-हाफ मिळाला, हे खरंच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. संघटना आणि क्लब यांच्यात समझोता होऊन राष्ट्रीय संघाच्या शिबिरांना ४२ खेळाडूंचा चमू मिळू लागला. सरावाला वेळ मिळाला, जोड्या स्थिरावल्या. २०२५ मध्ये पुन्हा सिक्स नेशन्स जिंकली. मात्र त्याच २०२५ च्या जुलैत, लांबलेल्या क्लब हंगामानंतर अनेक प्रमुख खेळाडूंना घरी ठेवून संघ न्यूझीलंडला गेला आणि तिन्ही कसोट्या हरला. सतरा वर्षांनीही त्या २८ जूनची सावली पुरती सरलेली नाही.

तेव्हा माझा ताळेबंद असा. लिएव्हरमाँ यांनी नव्या मुलांवर विश्वास टाकला, द्युसोत्वारसारखा कर्णधार पुढे आणला, एक ग्रँड स्लॅम दिला आणि संघाला विश्वचषकाच्या दारापर्यंत नेलं. ही जमेची बाजू. प्रयोग थांबवायची वेळ त्यांना कळली नाही, उत्तम जमलेली जोडी त्यांनी मोडली आणि आपल्या माणसांना चारचौघांत बोल लावले. ही खर्चाची बाजू. मात्र बाहेरच्या थकलेल्या दौऱ्यांचे पराभव मी त्यांच्या नावावर लिहायला तयार नाही. ते त्या व्यवस्थेच्या नावावर लिहावेत, जी दहा महिने घोडा पळवते आणि अकराव्या महिन्यात शर्यतीला उभा करते.

उद्या आपला एखादा संघ, क्रिकेटचा असो की हॉकीचा, एका आठवड्यात जगाला हरवील आणि दुसऱ्या आठवड्यात कोणाकडूनही हरेल. तेव्हा ‘हे असेच’ म्हणून हात झटकू नका आणि लगेच प्रशिक्षकाचा राजीनामाही मागू नका. आधी एवढंच विचारा: सामना कुठे होता, कधी होता, हेच अकरा किंवा पंधरा जण एकत्र किती दिवस सराव करत होते, आणि त्यांचं वेळापत्रक ठरवणारा कोण होता? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर जे उरेल, त्याचा जाब प्रशिक्षकाला जरूर विचारावा.